कम्युनिटी कॉलेजांचे खेळ खरोखर नफ्यात चालतात का?

मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: अमेरिकेत दोन वर्षांच्या साध्या कम्युनिटी कॉलेजातसुद्धा क्रीडा विभाग नफ्यात असतो, तिकिटे आणि टीव्हीचे हक्क यांतून त्याचा खर्च निघतो व सरकारी आकडेही तेच सांगतात, फुटबॉलच्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या) कमाईवर मुलींचे संघ आणि बाकीचे खेळ चालतात, खेळाडूंना शिक्षण फुकट मिळते, मग आपली कॉलेजे विद्यार्थ्यांकडून जिमखाना शुल्क का घेतात? या संदेशातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे. एक मुद्दा मात्र संदेश लिहिणाऱ्याच्या नजरेतून निसटला, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखे काही असेल तर ते त्याच मुद्द्यात आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

टीव्हीच्या पैशापासून सुरुवात करू. लाखभर प्रेक्षकांची मैदाने आणि अब्जावधी डॉलरचे प्रक्षेपण करार हे चित्र चार वर्षांच्या मोठ्या विद्यापीठांचे आहे. त्यांची संघटना एनसीएए. तिच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा २०२५ ते २०३२ या आठ वर्षांचा करारच ८८० कोटी डॉलरचा आहे. कम्युनिटी कॉलेजे या संघटनेत नाहीत. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातील काही ज्युनिअर कॉलेजांनी (दोन वर्षांच्या कॉलेजांचे हे जुने नाव) एनसीएएच्या मैदानी स्पर्धांत उतरू देण्याची विनंती केली होती. ती नाकारली गेली, म्हणून १९३८ मध्ये फ्रेस्नो येथे एनजेसीएए ही वेगळी संघटना उभी राहिली. तेव्हापासून दोन्ही घरांच्या चुली वेगळ्या आहेत, आणि एका चुलीवरचे दुसऱ्या घरात वाढले जात नाही. शिवाय त्या श्रीमंत घरातही खर्चापेक्षा कमाई जास्त असलेले क्रीडा विभाग मोजकेच आहेत. बाकीच्यांची तूट विद्यापीठच भरून काढते.

‘सरकारी आकडे’ हा संदेशातील सर्वांत फसवा भाग आहे, कारण आकडे खरे आहेत आणि त्यांचा काढलेला अर्थ खोटा आहे. १९९४ च्या एका संघीय कायद्यानुसार, केंद्राचे विद्यार्थी अर्थसाहाय्य घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन संघ असलेल्या सहशिक्षणाच्या कॉलेजांना क्रीडा विभागाचा जमाखर्च दरवर्षी शिक्षण खात्याकडे द्यावा लागतो, आणि ती माहिती कोणालाही पाहता येते. कम्युनिटी कॉलेजांच्या नोंदी चाळल्या की वारंवार दिसते ते असे की जमा आणि खर्च अगदी डॉलरला डॉलर जुळतात. संदेश लिहिणाऱ्याने हीच जुळणी पाहून ‘तोटा नाही’ असा निष्कर्ष काढला असावा. पण या अहवालात ‘जमा’ कशाला म्हणायचे याची व्याख्या त्याने वाचलेली दिसत नाही. त्या व्याख्येत तिकिटे, प्रायोजक आणि देणग्या यांच्या जोडीला विद्यार्थ्यांकडून घेतलेले उपक्रम शुल्क, सरकारी मदत आणि संस्थेने स्वतःच्या तिजोरीतून दिलेला पैसा हेही येतात. समजा, एखाद्या कॉलेजाने खेळांवर दहा लाख डॉलर खर्च केले, तिकिटे व देणग्यांतून तीस हजार मिळवले आणि उरलेले नऊ लाख सत्तर हजार सर्वसाधारण निधीतून भरले, तर अहवालात जमा दहा लाखच दिसेल. वडिलांनी महिन्याचा खर्च पाठवला म्हणून वसतिगृहातला मुलगा कमावता होत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

फुटबॉलच्या कमाईचा दावा तपासण्यासाठी ॲरिझोनाकडे पाहावे. फिनिक्स परिसरातील मॅरिकोपा जिल्ह्याच्या कम्युनिटी कॉलेज व्यवस्थेने फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्लेनडेल, मेसा, फिनिक्स आणि स्कॉट्सडेल या फुटबॉल संघ असलेल्या आपल्या चारही कॉलेजांतील फुटबॉल त्या वर्षीच्या हंगामानंतर बंद करण्याचे जाहीर केले. फुटबॉल चालू ठेवण्यास दरवर्षी सुमारे ७ लाख ७० हजार डॉलर लागतात आणि पुढे सोयीसुविधांवर सुमारे दोन कोटी डॉलर घालावे लागतील, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. त्याआधी २०१५ मध्ये राज्य विधिमंडळाने या जिल्ह्याचे चालू खर्चाचे अनुदान पूर्णपणे थांबवले होते. टूसॉनच्या पीमा कॉलेजाचेही अनुदान त्याच वेळी गेले, आणि तिथला फुटबॉलही २०१८ च्या हंगामानंतर संपला. बाकीच्या खेळांना पोसणारा खेळ पैशाची चणचण भासताच कोणी सर्वांआधी बंद करत नाही. मोठा संघ, अनेक प्रशिक्षक, संरक्षक साहित्य, विमा आणि बसभाडे यांमुळे या पातळीवर फुटबॉल हा सर्वांत खर्चिक खेळ ठरतो. मुलींचे संघ फुटबॉलच्या कृपेने चालत नाहीत. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्याने, म्हणजे ‘टायटल नाइन’ने, त्यांना समान संधी देण्याचे बंधन घातलेले आहे.

फुकट शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. एनजेसीएएच्या स्पर्धांच्या पहिल्या विभागात (डिव्हिजनमध्ये) शिकवणी शुल्क, निवास आणि भोजन यांसह पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. दुसऱ्या विभागात शुल्क आणि पुस्तकांपुरतीच. तिसऱ्या विभागात खेळासाठी काहीच नाही. कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजे आपल्या वेगळ्या राज्यसंघटनेत खेळतात आणि तिथे क्रीडा शिष्यवृत्तीला मनाईच आहे. अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) आरन रॉजर्स कॅलिफोर्नियाच्या अशाच एका कॉलेजातून, ब्यूटमधून, पुढे गेला. त्याचे नाव अशा संदेशांत हमखास येते. पण खेळाडू विद्यापीठात गेला म्हणून त्याच्या जुन्या कॉलेजाला क्लबांसारखे हस्तांतर शुल्क मिळत नाही.

आता निसटलेला मुद्दा. ही कॉलेजे खेळ का चालवतात याचे प्रामाणिक उत्तर प्रवेशसंख्येत आहे. कॅलिफोर्नियात रहिवासी विद्यार्थ्याकडून एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकाला, ४६ डॉलर घेतले जातात, म्हणजे बारा युनिटच्या सत्राला ५५२ डॉलर. एवढ्यावर कॉलेज चालत नाही; मुख्य पैसा राज्याच्या सूत्रातून येतो आणि त्या सूत्राचा मोठा भाग पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या समतुल्य संख्येवर, म्हणजे सर्वांनी घेतलेला अभ्यास किती पूर्णवेळ विद्यार्थ्यांएवढा होतो यावर, ठरतो. कम्युनिटी कॉलेजातील बहुसंख्य मुले नोकरी सांभाळून एखाद-दोन विषय घेतात. खेळाडूला मात्र हंगामात किमान बारा युनिटना नाव नोंदवावेच लागते, आणि त्यांतली नऊ अभ्यासाच्या विषयांची असावी लागतात. त्यामुळे अनुदानाच्या हिशेबात एक खेळाडू अर्धवेळ शिकणाऱ्या दोन-तीन जणांच्या बरोबरीचा ठरू शकतो. कॅन्ससच्या ग्रामीण भागात हिशेब निराळा आहे. तिथे बाहेरून आलेला खेळाडू वसतिगृहाची खोली भरतो, पात्र असल्यास गरजू विद्यार्थ्यांसाठीचे केंद्राचे पेल अनुदान घेऊन येतो, आणि लोकसंख्या घटणाऱ्या गावात वर्ग रिकामे पडू देत नाही. तिथल्या कॉलेजांच्या परिषदेने परराज्यातील फुटबॉलपटूंवरील संख्येची मर्यादा २०१६ मध्ये उठवली, त्यामागची एक ओढ मला यात दिसते.

हा युक्तिवाद मला पटतो, पण अटींसह. तो खेळाडू खेळ नसता तरी त्याच कॉलेजात आला असता, तर त्याने आणलेला पैसा खेळाच्या खात्यात धरता येत नाही. कॉलेजाने त्याचे शुल्क शिष्यवृत्ती म्हणून स्वतःच सोडून दिले असेल, तर ती रक्कम एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली एवढेच. आणि जिथे राज्य विद्यार्थ्यामागे काहीच देत नाही, तिथे वाढलेल्या पटावर अनुदान मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. मॅरिकोपाची स्थिती २०१५ नंतर नेमकी अशी होती. धावण्याच्या संघासारखा कमी खर्चाचा आणि स्थानिक मुलांचा खेळ या कसोट्यांवर बऱ्याच ठिकाणी टिकतो, फुटबॉल क्वचितच टिकतो.

राहिला जिमखाना शुल्काचा प्रश्न. ते शुल्क नीट खर्च होते का, हे आपल्या कॉलेजांना अवश्य विचारावे, आणि मीही विचारतो. मात्र त्यासाठी अमेरिकेचा दाखला उपयोगी पडणार नाही, कारण तिथल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांत विद्यार्थ्याच्या बिलावर उपक्रम शुल्काची ओळ असते, आणि वर सांगितलेल्या अहवालातील ‘जमा’ रकमेत ते शुल्कही धरले जाते.