हेडसेट घेण्याआधी खोलीतला पंखा बघा

महिनाभरात चार जणांनी विचारलं, "भाऊ, व्हीआर हेडसेट घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. व्हीआर म्हणजे आभासी जग: हेडसेट डोळ्यांवर चढवला की खेळ आपल्या चारी बाजूंना दिसतो.

सुरुवात छतापासून करू. आपल्याकडे खोलीच्या मधोमध पंखा असतो आणि खेळायला मोकळी जागाही नेमकी त्याच्याखालीच मिळते. हेडसेटमध्ये आपण आखलेली बाउंड्री भिंत, सोफा, शोकेस यांच्यापासून वाचवते. वर फिरणारं पातं मात्र त्या रेषेच्या आतच असतं, त्याची सूचना येत नाही. समोरून काही अंगावर आलं की हात आपोआप वर जातो. माझ्या धाकट्या भावाच्या बोटांना असाच मार बसला, दोन बोटं आठवडाभर सुजलेली होती. तेव्हापासून आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरात नियम एकच: उभं राहून खेळायचं तर पंखा बंद. मग आई आतून ओरडते, "अरे, पंखा काहून बंद केला?" आणि ते बरोबरच आहे, कारण मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पंख्याशिवाय दहा मिनिटंही बसवत नाही. कूलर लावला तर दमट हवेत घाम वाळत नाही, लेन्सवर वाफ धरते.

म्हणून मी म्हणतो, तुम्ही बसून खेळणार की उभं राहून, हे आधी ठरवा. हेडसेट त्यानंतर.

मी तीन वर्षं मेटा कंपनीचा, वायरशिवाय चालणारा क्वेस्ट २ वापरला, आता वर्षभर क्वेस्ट ३ वापरतोय. मनीषनगरच्या मित्राकडे सोनीचा, प्लेस्टेशन ५ (पीएस ५) ला वायरने जोडायचा पीएस व्हीआर २ आहे, त्यावर कित्येक रविवार घालवले आहेत. भावाने स्वतःसाठी क्वेस्ट ३एस घेतला. तेव्हा जे लिहितोय ते डोळ्यांवर लावून बघितलेलं आहे.

दुकानदार आधी पिक्सेल सांगतात. क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्याला २०६४ बाय २२०८, पीएस व्हीआर २ मध्ये २००० बाय २०४०. आकडे जवळपास सारखेच, तरी दिसण्यात खूप फरक पडतो. कारण लेन्स. पीएस व्हीआर २ आणि ३एस मध्ये फ्रेनेल लेन्स आहे, म्हणजे काचेवर गोल गोल खाचा असतात. मधोमध बघितलं तर स्पष्ट, पण नजर कडेला नेली की अक्षरं पुसट होतात आणि काळ्यावर पांढरं काही असलं की प्रकाशाचे ओरखडे दिसतात. क्वेस्ट ३ च्या पॅनकेक लेन्समध्ये कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. मान न वळवता नुसते डोळे फिरवून आजूबाजूला बघता येणं, हे ज्याने अनुभवलं त्याला मागे जाववत नाही. मला तरी नाही जाववत.

पण अंधार बघायचा असेल तर पीएस व्हीआर २. त्याचा पडदा ओएलईडी आहे, काळा म्हणजे खरंच काळा. क्वेस्टच्या एलसीडीवर रात्रीचं आकाश राखाडी दिसतं. ओएलईडीवर हलकी दाणेदार जाळी जाणवते, तरीही भुयारात किंवा रात्रीच्या रस्त्यावर त्याला तोड नाही.

आणि उन्हाळ्यासाठी त्याची आणखी एक गोष्ट मनापासून आवडते. वजन ५६० ग्रॅम, क्वेस्ट ३ चं ५१५. तरी पीएस व्हीआर २ हलका वाटतो, कारण त्याचा भार कपाळावरच्या पट्ट्यावर येतो, गालांवर दाब पडत नाही आणि चेहऱ्याला थोडी हवा लागते. क्वेस्टसोबत येणारा कापडी पट्टा मला अजिबात पटत नाही. चांगला पट्टा वेगळा घ्यावाच लागतो, ते पैसे आधीच बाजूला काढा.

माझ्या मित्राकडे पीएस ५ आहे आणि त्याला गाड्यांचं वेड आहे. ग्रान टुरिस्मो ७ तो खुर्चीत बसून, डोक्यावर पंखा पाचवर ठेवून खेळतो. वायर साडेचार मीटरची आहे, पण बसलेल्या माणसाला वायरचं काय! त्याच्यासाठी तोच हेडसेट योग्य. तोच उभ्याने खेळायला लागलो की अर्धं लक्ष पायाशी असलेल्या वायरवर राहतं, म्हणून मी तो घेतला नाही.

३एस २०२४ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आला, तेव्हा क्वेस्ट ३ ची किंमत ४९९ होती. चिप दोघांत एकच, गेम एकच. घरात एकटं पोरगं खेळणार असेल तर ३एस बेधडक घ्या. सगळं घर वापरणार असेल तर थांबा. प्रत्येकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर वेगळं असतं. ३एस मध्ये त्यासाठी तीनच जागा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. आमच्या मामांचं अंतर चष्म्याच्या दुकानात मोजलेलं, ७१. त्यांना ३एस मध्ये पुसटच दिसलं आणि "माझे डोळेच गेले" म्हणून त्यांनी काढून ठेवला. क्वेस्ट ३ मध्ये चक्री ७१ पर्यंत फिरवली आणि ते अर्धा तास उठले नाहीत. चष्म्यासाठी आतली जागाही त्यात कमीजास्त करता येते.

मुलांचं वय बघा. क्वेस्टसाठी किमान १० वर्षं सांगितली आहेत, तेही पालकांच्या देखरेखीतल्या खात्यावर, आणि पीएस व्हीआर २ साठी १२.

चांगला गेमिंग पीसी असेल तर क्वेस्टवर वायरशिवाय पीसीचे गेम चालतात. पीसी राउटरला लॅन केबलने जोडा, हेडसेट वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि राउटर त्याच खोलीत आणा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. पीएस व्हीआर २ साठी ऑगस्ट २०२४ पासून पीसीचा अडॅप्टर मिळतो, पण त्यात एचडीआर (उजेड आणि अंधार जास्त ठळक दाखवणं) आणि नजरेचा माग घेणं चालत नाही.

मळमळ सगळ्यांना विचारायची असते. डोळे सांगतात आपण पळतोय, कानातला तोल सांगतो उभे आहोत. त्या भांडणातून ती येते. पहिले आठ दिवस जागच्या जागी खेळायचे गेम घ्या, बीट सेबरसारखे. पोट ढवळायला लागलं की त्याच क्षणी काढा, नेट लावू नका.

शेवटचं, आणि हे नागपूरकरांनी नक्की ऐका. हेडसेट गॅलरीत किंवा खिडकीपाशी उघडा ठेवू नका. लेन्स भिंगासारखी काम करते, ऊन एकवटून आतला पडदा कायमचा जळतो. ओळखीतल्या एका मुलाने सकाळी टेबलावर ठेवला आणि शाळेत गेला, परत येईपर्यंत मधोमध पिवळा डाग पडला होता. डबीत ठेवा, निदान लेन्सवर जाडसर कापड टाका.

घ्यायच्या आधी डोळ्यांवर लावून बघायचा असेल तर रविवारी सकाळी घरी या. दोन्ही क्वेस्ट आहेत, मित्रालाही त्याचा घेऊन बोलावतो. फक्त नऊच्या आत या, नंतर पंखा बंद ठेवता येत नाही.