बैलगाडा, टोकन आणि बापूंचा चष्मा

गुरुवारी संध्याकाळी सुध्या कट्ट्यावर आला तो स्पायरल घातलेले चौदा कागद घेऊन. आम्हाला वाटलं बायोडेटा. त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे हे साताऱ्याच्या अख्ख्या पोवई नाक्याला ठाऊक आहे. पण वर लिहिलं होतं 'व्हाइटपेपर', म्हणजे योजनेचं माहितीपत्रक, आणि खाली गॉगल घातलेल्या खिल्लार बैलाचं चित्र.

"खेळा आणि कमवा," सुध्या म्हणाला. "बैलगाडा शर्यत, मोबाइलवर. बैल आपला, कमाई आपली. हिंजवडीतला एक मित्र बनवतोय. मी कम्युनिटी लीड."

"पगार?" रोहिणीनं विचारलं.

"टोकनमध्ये. खेळातलं डिजिटल नाणं."

"बरं," म्हणून रोहिणीनं खारी चहात बुडवली. तिला पतसंस्थेच्या काउंटरवर ज्यांनी पाहिलंय त्यांना हा 'बरं' ओळखीचा आहे. कर्ज नाकारताना ती एवढंच म्हणते.

बापूंनी हात पुढे करून ते बाड मागून घेतलं, चष्मा चढवला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. बापू लग्नपत्रिकासुद्धा प्रेसच्या नावापर्यंत वाचतात, त्यामुळे तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पहिली शंका पप्यानं काढली, कायद्याची. 2025च्या ऑगस्टनंतर पैसे लावायचे सगळे ऑनलाइन खेळ बसले, क्रिकेट टीमच्या जर्सीवरचं नावसुद्धा बदललं, मग हे कसं चालणार? सुध्या म्हणाला, "आपल्यात पैसे नाहीतच. टोकन आहेत."

"कायद्यात टोकन हा शब्द लिहून ठेवलाय. नाणी, टोकन, वस्तू, पैशात बदलता येणारं काहीही."

"वकिलाला विचारतोय."

"वकिलाची फी कशात देणार?" रोहिणी.

सुध्या चिडला. चिडला की तो इंग्रजीत शिरतो. इकोसिस्टीम, सस्टेनेबल, ट्रस्टलेस. हा शेवटचा शब्द त्यानं फार कौतुकानं उच्चारला. रोहिणीनं अर्थ विचारला. "म्हणजे कुणावर भरवसा ठेवायची गरजच नाही." त्यावर ती म्हणाली, "मग तुला कम्युनिटी लीड कशाला केलंय?"

इथून गाडी ॲक्सीवर गेली. जाणारच होती. ॲक्सी इन्फिनिटी हा सुध्याचा देव. 2018 मधला, व्हिएतनामच्या स्काय मेव्हिस कंपनीचा खेळ. गुबगुबीत प्राण्यांच्या झुंजी लावायच्या, जिंकलं की एसएलपी नावाचं टोकन मिळायचं, ते बाजारात विकायचं. लॉकडाऊनमध्ये फिलिपिन्समधले लोक त्यावर घरं चालवत होते. सुध्या हे सांगताना त्याचा आवाज दाटतो, आणि हे खरं आहे म्हणून मी मध्ये बोलत नाही. रिक्षा बंद, हॉटेलं बंद, आणि मोबाइलवर दिवसभर खेळून माणूस किराणा भरत होता. 2021च्या उन्हाळ्यात एका एसएलपीला तीस सेंटच्या वर भाव होता.

"त्या लोकांनी खाल्लं की नाही पोटभर? सांग ना," सुध्या रोहिणीला म्हणाला.

"खाल्लं. पहिल्या पंगतीला बसले त्यांनी खाल्लं."

"प्रत्येक धंद्यात आधी येणाऱ्याला जास्त मिळतं."

"धंद्यात गिऱ्हाईक असतं, सुध्या. तुझ्या ॲक्सीत गिऱ्हाईक कोण होतं? सगळेच दुकानदार."

पप्या पुण्यात गेमच्या कंपनीत चार वर्षं काढून परत आलाय. का परत आला हा वेगळा विषय आहे, आणि तो निघाला की तो घरी जातो. पण या बाबतीत त्याला खोलातलं कळतं. त्यानं फरशीवर सांडलेल्या चहात बोटानं आकृती काढली. खेळातलं चलन म्हणजे पाणी. एक नळ हवा, एक मोरी हवी. लढाई जिंकली की एसएलपी, हा नळ. आणि मोरी? ॲक्सीत मोठी मोरी एकच होती: दोन प्राणी जुळवून तिसरा जन्माला घालायचा असला तर एसएलपी खर्च व्हायचे. खर्च म्हणजे कायमचे गेले.

"मग झालं की," मी म्हणालो.

"काय झालं? तिसरा जन्मला की तोही उद्या लढणार. तोही एसएलपी मिळवणार."

रोहिणी हसली. "म्हणजे मोरीचं पाणी परत टाकीत."

पप्यानं तिच्याकडे असं बघितलं की कंपनीत चार वर्षांत असा माणूस भेटला नाही. (नंतर मला एकट्याला तसं म्हणालाही.)

एक ॲक्सी सात वेतं द्यायचा, त्यापुढे नाही. त्याला वेत म्हणायचं हे बापूंनी कागदातून डोकं न काढता सुचवलं. खेळायला तीन ॲक्सी लागायचे, आणि ऐन तेजीत त्या तिघांना हजार डॉलरच्या घरात पैसे मोजावे लागत. गरिबानं आणायचे कुठून? मग मॅनेजर आले. आपले ॲक्सी दुसऱ्याला खेळायला द्यायचे, कमाईत वाटा घ्यायचा. खेळणाऱ्याला नाव मात्र 'स्कॉलर'. फिलिपिन्समधली यील्ड गिल्ड गेम्स नावाची संस्था तर कमाईचे सत्तर टक्के खेळणाऱ्याला, वीस त्याच्या मॅनेजरला आणि दहा स्वतःला ठेवायची.

"अर्धलीनं शेळी," बापू म्हणाले. "आमच्यापेक्षा वाटा बरा आहे."

"बघा!" सुध्या.

"पण शेळी दूध देते," बापू म्हणाले आणि पान उलटलं.

इथं सुध्यानं चूक केली. "बापू, तुम्हाला नव्या गोष्टीत पैसा लावायची भीती वाटते," असं म्हणाला. कट्टा एकदम गप्प झाला. कारण 2018 साली कडकनाथ कोंबड्यांची जी योजना गावोगाव फिरत होती, पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावानं उचलतो, त्यात बापूंनी निवृत्तीचे पैसे घातले होते. आणि ते पत्रक बापूंना आणून दिलं होतं सुध्यानं. अंडी चढ्या भावानं का उचलली जायची? तर त्यांची पिल्लं काढून पुढच्या बापूंना विकायला. पुढचे बापू संपले तेव्हा कंपनीचा फोन बंद. काळं कोंबडं कापून खाणारा माणूस त्या हिशेबात कुठंच नव्हता. बापूंच्या मळ्यात ती शेड अजून आहे, पाट्या ठेवायला होते.

बापू काही बोलले नाहीत. पान पाच.

रोहिणीनं आवाज न चढवता सांगितलं, "ॲक्सीचं तेच झालं ना? नवीन माणूस तीन प्राणी विकत घेतोय तोवर पैदाशीला अर्थ. पैदाशीला अर्थ तोवर एसएलपीला भाव. नवीन माणूस थांबला की?"

थांबलाच. 2022च्या फेब्रुवारीत एसएलपी एका सेंटवर आलं होतं. तीसवरून एक. ज्यानं कर्ज काढून प्राणी घेतले त्याचं काय झालं असेल ते सातारा जिल्ह्यात समजावून सांगायची गरज नाही.

सुध्यानं इथं जे मांडलं ते मात्र मला पटलं, आणि ते लिहिलं नाही तर तो मला उद्या धरेल. तो म्हणाला, कंपनी गप्प बसली नाही. त्याच फेब्रुवारीत त्यांनी जाहीर लिहिलं की खर्च होऊन संपतंय त्याच्या कितीतरी पट एसएलपी रोज तयार होतंय, आत्ता कडक पाऊल टाकलं नाही तर सगळं कायमचं कोसळेल. आणि एकट्यानं खेळायच्या भागातलं व रोजच्या ठरीव कामाचं एसएलपी बंदच केलं. "हा प्रामाणिकपणा नाही?"

रोहिणी थोडा वेळ गप्प होती. "आहे," म्हणाली. "पण उशिराचा. आम्ही ठेवीचा दर कमी केला तर पुढच्या ठेवींना लावतो, आणि बोर्डावर आधी लिहितो. माणसानं हिशेब मांडून पैसे ठेवलेले असतात. चालू पावतीचा दर मध्येच कापला तर माझ्या काउंटरची काच राहील का? बक्षीस कमी असल्यानं माणूस चिडत नाही. ठरल्यापेक्षा कमी आलं की चिडतो."

"मग तू कसं केलं असतंस?"

"माझ्या भिशीसारखं. आले तेवढेच वाटायचे."

"भिशीत वाढतं काय?"

"काहीच नाही. म्हणून अकरा वर्षं चाललीय."

इथं जुनं उकरून निघणं अटळ होतं. चौथ्या वर्षी पहिला नंबर सुध्याला लागला होता, आणि त्यानंतर तीन महिने तो 'मार्केट खाली आहे' म्हणत हप्ता चुकवत होता. रोहिणीनं त्याच्या आईला फोन केला. आईनं तोच पैसा त्याच्या गाडीच्या पेट्रोलमधून कापला. सुध्याच्या मते हे गोपनीयतेचं उल्लंघन होतं. रोहिणीच्या मते ती वसुली होती.

पप्याला मध्येच ईव्ह ऑनलाइन आठवलं. आइसलंडवाल्यांचा अंतराळातला खेळ. त्या लोकांनी 2007 मध्ये चक्क अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला. तिथं लढाईत जहाज फुटलं की गेलं, परत मिळत नाही. पुन्हा बांधा, पुन्हा विकत घ्या. ही खरी मोरी. आणि लोक पैसे भरतात ते खेळायची हौस म्हणून. उलट डायब्लो तीनमध्ये खऱ्या पैशांचा लिलाव सुरू केला, तर राक्षस मारण्यापेक्षा लिलावात बसून तलवार विकत घेणं सोपं झालं. 2014च्या मार्चमध्ये कंपनीनं स्वतःच तो बाजार उठवला.

"म्हणजे काय, कमाईच नको?" सुध्या.

"कमाई असू दे," पप्या म्हणाला. "पण उद्यापासून एक रुपया मिळणार नाही म्हटल्यावर तुझा बैलगाडा किती जण खेळतील ते सांग. तेवढेच तुझे खेळाडू. बाकीचे मजूर. मजुरी थांबली की मजूर जातो, त्यात त्याची काय चूक?"

हे बोलताना तो चहात काढलेली मोरी पुसत होता. पप्या इतकं नीट बोलतो ते महिन्यातून एकदाच.

मग आबा बोलले. आबा टपरीच्या आतून सगळं ऐकत असतात. "तुमी शिक्क्याचं बोला की," म्हणाले.

शिक्क्याचं प्रकरण असं. आबांनी कार्डं काढली होती: नऊ चहा, दहावा फुकट. प्रत्येक चहाला गणपतीचा रबरी शिक्का. सुध्यानं कलेक्टर ऑफिसजवळून ऐंशी रुपयांत तसाच गणपती करून आणला. आबांना आधी कळेना, शिक्के वाढतायत आणि दूध तेवढंच. शेवटी सुध्याच्या गणपतीची सोंड उजवीकडे निघाली. योजना त्याच दिवशी बंद. माझ्या पाकिटात आठ शिक्क्यांचं कार्ड अजून आहे. मी एकही खोटा चहा प्यायलो नव्हतो.

"तो सिक्युरिटी ऑडिट होता," सुध्या म्हणाला.

"ॲक्सीचं ऑडिट कुणी केलं?" पप्यानं विचारलं, आणि रोनिन निघालं. 2022चा मार्च. ॲक्सीचा सगळा पैसा रोनिन नावाच्या पुलावरून, म्हणजे खेळातला पैसा आत-बाहेर न्यायच्या संगणकी व्यवस्थेतून, ये-जा करायचा. पुलाला नऊ कुलुपं, पाच किल्ल्या जुळल्या की उघडणार. त्यातल्या चार किल्ल्या एकट्या स्काय मेव्हिसकडे. पाचवी दुसऱ्या मंडळाची होती; गर्दीच्या दिवसांत त्यांच्या वतीनं सही करायची परवानगी स्काय मेव्हिसला दिलेली. काम डिसेंबरातच संपलं, परवानगी काढून घ्यायची राहून गेली. चोर आत शिरले आणि त्यांना पाचही सापडल्या. 1,73,600 इथर (हेही एक डिजिटल नाणंच) गेले, वर अडीच कोटी डॉलरचे टोकन. एकूण साठ कोटी डॉलरच्या वर. अमेरिकेच्या एफबीआयनं उत्तर कोरियाच्या टोळीचं नाव घेतलं.

रोहिणीला यातला पैसा मोठा वाटला नाही. तिला वेगळंच लागलं. "कळलं कधी?"

"सहा दिवसांनी. एकाला पाच हजार इथर काढायचे होते, निघेनात, तेव्हा."

"सहा दिवस?" ती उभीच राहिली. "आमच्याकडे संध्याकाळी दहा रुपये जुळले नाहीत तर कुणी घरी जात नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या कमरेला. एक रजेवर गेला तर सही करून देऊन जातो, आल्यावर सही करून परत घेतो. आणि तुम्ही म्हणता भरवशाची गरज नाही!"

"पैसे परत दिले त्यांनी," सुध्या म्हणाला. हेही खरं. गुंतवणूकदारांकडून पंधरा कोटी डॉलर उभे केले, आणि जूनच्या शेवटी पूल पुन्हा सुरू झाला, लोकांना इथरला इथर मिळालं. तोवर इथरचा भाव निम्म्याच्याही खाली आलेला, ते सोडा.

"हे चांगलं केलं," रोहिणी खाली बसत म्हणाली. "आता तुझं सांग. तुझ्या बैलाच्या तिजोरीच्या किल्ल्या किती?"

"सध्या एकच आहे. मित्राच्या लॅपटॉपमध्ये."

एवढ्यात बापूंनी चष्मा काढला. चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, बोट पानावर ठेवलं. पान नऊ.

"सुधीर," म्हणाले. बापू पूर्ण नाव घेतात तेव्हा कडकनाथचा हिशेब होणार असं मला वाटलं. "इथं लिहिलंय, 'खेळाडू आपल्याकडील कोणत्याही दोन बैलांची पैदास करून तिसरा बैल मिळवू शकतो.'"

"हो बापू. ब्रीडिंग. ॲक्सीत तसंच असतं, भावंडं आणि आईबाप सोडले तर कुठलेही दोन चालतात."

"दोन बैलांची."

"हो."

"बैलांची," बापू पुन्हा म्हणाले, आणि आबांनी आतून विचारलं, "ठेचलेल्या?"

रोहिणीच्या हातातली खारी चहात पडली ती गेलीच. पप्या कट्ट्यावरून खाली उतरून गाडीला धरून उभा राहिला. मी गेली पंधरा वर्षं बापूंना ओळखतो, त्यांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या शेडनंतर तर नक्कीच. "अरे, ह्यांची मोरी एकदम पक्की आहे," रोहिणी कशीबशी म्हणाली, "नवा बैल जन्मायचाच नाही!"

सुध्यानं कागद हिसकावून घेतले आणि बाजूला जाऊन हिंजवडीला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "अरे पान नऊ... नाही, स्पेलिंग नाही... अरे बैल म्हणजे... तू मुंबईचा आहेस का?"

चहाचे पैसे त्या दिवशी रोहिणीनं दिले.

शनिवारी सुध्या सुधारित आवृत्ती घेऊन आला. आता पैदाशीसाठी गाय घातली आहे. शर्यतीतही तीच पळते.