विजेची सवलत मागाला, बारा तास माणसाला

यंत्रमागाच्या गावात वीज आणि मजुरी हे दोन वेगळे विषय नसतात. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, विटा, कुठेही जाऊन विचारा. कामगाराला पैसे मिळतात ते विणलेल्या कापडावर, पीक (कापडाच्या एका इंचातले आडवे धागे) किती त्यावर दर आणि मीटर किती त्यावर मजुरी. लाईट गेली की माग थांबतो, माग थांबला की मजुरी थांबते. माणूस मात्र शेडमध्येच असतो. लाईट कधी येईल सांगता येत नाही म्हणून घरी जाता येत नाही, आणि त्या बसलेल्या तासांचा रुपयाही मिळत नाही.

मंत्रालयात मात्र ऊर्जा एका टेबलावर, वस्त्रोद्योग दुसऱ्या आणि कामगार तिसऱ्या. मार्च २०२४ पासून या तिन्ही टेबलांवरून निर्णय निघाले. ते शेजारी ठेवून वाचले की राग येतो, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात कुणी मागावर उभं राहिलं आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने यंत्रमागाला जादा वीज सवलत दिली. २७ अश्वशक्तीपर्यंतच्या जोडभाराला (शेडला जोडलेल्या मोटारींची एकूण शक्ती) युनिटमागे १ रुपया, त्यावर २०१ अश्वशक्तीपर्यंत ७५ पैसे. आधीची सवलत होतीच, ही तिच्यावर. मी इथल्या छोट्या यंत्रमागधारकांचे हिशेब लिहितो. त्यामुळे हे ठामपणे सांगतो की ही सवलत गरजेची होती. साध्या मागावर खर्चीने, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देण्याचं, काम करणाऱ्या माणसाच्या खर्चात मजुरीनंतर विजेचाच नंबर लागतो. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आणि हा मधला माणूस प्रतिमीटर दरावर जगतो. बाजार पडला की व्यापारी दर पाडतो. तेव्हा सवलत मिळाली नाही तर शेडला कुलूपच लागेल.

माझं दुखणं वेगळं आहे. ही सवलत मोजली जाते जोडभारावर आणि युनिटवर. त्या शेडमध्ये किती माणसं राबतात, त्यांना किमान वेतन मिळतं का, त्यांचा पीएफ भरला जातो का, त्यांच्याकडे साधं ओळखपत्र आहे का, याच्याशी सवलतीचा काडीचाही संबंध नाही. सरकारी तिजोरीतला पैसा शेडच्या दारापर्यंत येतो, मागाच्या मोटारीत शिरतो आणि तिथेच संपतो.

मग ३ सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाच्या तासांची रोजची मर्यादा ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, ओव्हरटाईमची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास, आणि कामगाराची लेखी संमती घ्यायची. गुंतवणूक यावी, रोजगार वाढावा, हे कारण सांगितलं गेलं. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० कामगारांवर गेली, आणि ले-ऑफ (कामगाराला तात्पुरतं बसवून ठेवणं), कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची अट १०० कामगारांऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यापासून लागू होते. नियुक्तीपत्र देणं बंधनकारक झालं, ही या संहितांमधली चांगली गोष्ट आहे आणि तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण कागद देणारा मालक कागदावर असला पाहिजे ना.

कारण आमच्याकडचं वास्तव असं आहे. एकाच छपराखाली ४८ माग असतात, पण मधे भिंत घातलेली. अर्धे माग भावाच्या नावावर, अर्धे वहिनीच्या. दोन मीटर, दोन परवाने, कागदावर दोन छोटे धंदे. कारखाना कायद्याची १० माणसांची रेघ ओलांडायची नाही म्हणून हे तुकडे कैक वर्षांपूर्वीच पडले. विजेची २७ अश्वशक्तीची रेघ, म्हणजे २० किलोवॅट, तीही तुकडे करायलाच शिकवते. रेघेच्या खाली राहिलं तर युनिटमागे २५ पैसे जास्त सवलत. आता कामगार कायद्याची रेघ २० माणसांवर गेली, म्हणजे ज्यांनी आजवर भिंत घातली नव्हती तेही कायद्याबाहेर पडायला मोकळे. मी मालकांना दोष देत नाही. सरकारने दोन्हीकडून बक्षीस ठेवलं आहे लहान दिसण्याला, तर माणूस लहानच दिसणार.

आणि १२ तासांचं म्हणाल तर यंत्रमागात १२ तासांची पाळी कालची नाही. सकाळी ७ ते संध्याकाळी ७, मग रातपाळी. माझे वडील अशाच पाळीत उभे राहिले. एका माणसाकडे सहा-आठ माग, कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत तरंगणारा कापसाचा तूस. चाळिशीत त्यांना ऐकू येणं कमी झालं. कायद्याने ९ तासांवर मर्यादा घातली होती तेव्हाही हे चालूच होतं. मग कायदा बदलल्याने फरक काय पडला, असं काहीजण विचारतात. फरक असा की आधी हे चुकीचं होतं आणि कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येत होती. आता नोंदलेल्या कारखान्यात रोजच्या बारा तासांवर बोट ठेवायलाच जागा उरत नाही, आणि ४८ तासांचा आठवडा मोजायला मस्टर, म्हणजे हजेरीपट, लागतं, जे साध्या मागाच्या शेडमध्ये कुणी ठेवत नाही.

लेखी संमतीचंही तसंच. मीटरवर मजुरी घेणारा माणूस बारा तास कामाला नको म्हणणारच नाही, कारण आठ तासांत त्याचं भागत नाही. आठ तासांत भागेल असा दर आधी द्या, मग संमती विचारा. तमिळनाडू सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये असंच १२ तासांचं विधेयक मंजूर केलं होतं. कामगार संघटना आणि सत्ताधारी पक्षाचे मित्रपक्षही विरोधात उभे राहिले, आणि १ मेच्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी ते मागे घेतल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे निषेधाची पत्रकं निघाली आणि विषय मागे पडला. ज्या महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, तिथे हे व्हावं याचं फार वाईट वाटतं.

यात विजेचा आणखी एक पदर आहे आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. वीज नियामक आयोगाने २०२५ च्या जूनमध्ये जे नवे दर ठरवले, त्यात दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतात. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ही सौरऊर्जेची वेळ, तेव्हा वीज स्वस्त. संध्याकाळी ५ नंतर महाग. आणि उद्योगांना पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ जी सूट मिळायची ती गेली. ज्यांना हे टीओडी (वेळेनुसार बदलणारे दर) लागू आहे त्यांच्यासाठी रातपाळीचा हिशेबच बदलला. सूर्य दिवसा वीज देतो तर ती दिवसा वापरा, हे धोरण म्हणून बरोबरच आहे. पण उद्या मालकाने रातपाळी बंद केली आणि दिवसाची एकच लांबलचक पाळी ठेवली, तर अर्ध्या कामगारांचं काय? उरलेले अर्धे १२ तास कायदेशीरपणे राबणार, आणि बाकीचे विजापूरला, सोलापूरला, उत्तर प्रदेश-बिहारला आपापल्या गावी परत जाणार. विजेचा दर ठरवताना हा प्रश्न कुणी मांडला का? आयोगाच्या सुनावण्यांना उद्योजकांच्या संघटना जातात, ग्राहक संघटना जातात, आकडेवारीसकट बोलतात, त्यांचं कौतुकच आहे. पण वीजदर हा कामगाराच्या पाळीचा प्रश्न आहे असं तिथे मांडणारं कुणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे दोन विषय एकत्र पाहणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीज विकासावर बोलताना त्यांनी स्वस्त आणि भरपूर विजेची बाजू मांडली. वीज कशासाठी, तर उद्योग वाढावेत म्हणून, आणि उद्योग कशासाठी, तर माणूस गरिबीच्या फेऱ्यातून सुटावा म्हणून. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्तीही त्यांच्याच खात्याची. आज आपण त्यातली स्वस्त वीज तेवढी लक्षात ठेवली.

मग करायचं काय? माझी मागणी साधी आहे. वीज सवलतीतला एक वाटा थेट कामगाराच्या नावावर जाऊ द्या. हिशेब मांडून दाखवतो. २४ साध्या मागांची एक शेड धरा, मागाला एक अश्वशक्तीची मोटार, म्हणजे साधारण १८ किलोवॅट. रोज २२ तास, महिन्याला २५ दिवस. मोटार पूर्ण भारावर नसते, माग मधेमधे थांबतात, म्हणून दोन-तृतीयांशच वापर धरला तरी महिन्याला साडेसहा हजार युनिट होतात. २०२४ च्या जादा सवलतीचे साडेसहा हजार रुपये झाले. त्यातले युनिटमागे फक्त २५ पैसे बाजूला काढले तर १,६२५ रुपये. एका माणसाकडे सहा माग आणि दोन पाळ्या धरल्या तर आठ विणकर कामगार, माणशी महिन्याला २०० रुपये. रक्कम छोटी आहे हे मलाही कळतं. पण हे २०० रुपये जमा करायचे तर त्या आठ माणसांची नावं सरकारला लिहावी लागतील. मला खरं हवं आहे ते हेच. नाव लागलं की माणूस भिंतीच्या अलीकडे आहे की पलीकडे, याने फरक पडत नाही.

हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी माथाडी कायदा पाहावा. १९६९ चा, महाराष्ट्राचाच. हमालाला एक मालक नसतो, दिवसात चार ठिकाणी ओझं वाहतो. तरी त्याच्यासाठी मंडळ झालं, मजुरीवर लेव्ही बसली, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा मिळू लागल्या. यंत्रमाग कामगारांसाठी कल्याणकारी मंडळाची मागणी इथे वर्षानुवर्षं होते आहे, आणि दर वेळी पैसा कुठून आणायचा तिथे गाडी अडते. पैसा वीजबिलात आहे. आणि व्यापाऱ्यालाही यात धरलंच पाहिजे. कापड त्याचं, नफ्याचा मोठा हिस्सा त्याचा, आणि जबाबदारीच्या वेळी तो कुठेच नाही, हे आता चालू देऊ नये.

मालक मंडळींना एक सांगतो, आणि तुमचेच हिशेब लिहिणारा म्हणून सांगतो. हे तुमच्या विरोधात नाही. मे २०२५ मध्ये सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आग लागली. ८ जीव गेले, त्यात कामगार होते आणि मालक आणि त्यांच्या घरचेही होते. सगळे त्याच कारखान्याच्या आवारात राहत होते. छोट्या उद्योगात मालक आणि कामगार एकाच छपराखाली असतात. कारखाना तपासणीच्या रेघा वर गेल्या तर त्या छपराखालची वायरिंग, बाहेर पडायची वाट, खिडक्या, हे सगळंच तपासायला कुणी येणार नाही.

सरकार ऐकत नाही म्हणून गप्प बसू नका. इचलकरंजीच्या सायझिंग (विणण्याआधी सुताला खळ लावणाऱ्या) कामगारांनी २०१५ मध्ये दीड महिन्याहून जास्त संप केला तो नव्या किमान वेतनासाठी, आणि त्या जानेवारीत निघालेली ती वेतनाची अधिसूचना १९८६ नंतर पहिल्यांदा सुधारलेली होती. लाल बावटा असो की दुसरी कुठली संघटना, पुढच्या वीजदर सुनावणीला कामगारांची हरकत लेखी गेली पाहिजे. विद्युत कायदा २००३ नुसार हरकत घ्यायचा हक्क कामगारालाही आहे. त्यात तीन गोष्टी असाव्यात असं मला वाटतं: सवलतीतून कामगार निधी, लाईट गेलेल्या तासांचा भत्ता, आणि वीजदराची वेळ बदलताना पाळ्यांवर होणाऱ्या परिणामाची पाहणी. ज्या संघटनेला हरकत दाखल करायची असेल तिने मला निरोप द्यावा. मराठीत मसुदा आणि शेडनिहाय हिशेब मी करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.