एम्बार्गो पाळणाऱ्यांनाच शिक्षा का?

आज सायंकाळी माझ्या जनसंपर्काच्या कामातल्या एका क्लायंटकडून आलेला निरोप वाचून माझा संताप अनावर झाला. आमची बातमी एका पोर्टलने ठरलेल्या वेळेच्या आदल्या दिवशीच फोडली होती आणि निरोप असा होता की, इतरांनी मात्र उद्या सकाळपर्यंत एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी बातमी न देण्याचे बंधन, पाळावा. म्हणजे ज्याने शब्द मोडला त्याला रात्रभर वाचक मिळणार आणि ज्यांनी पाळला ते हात बांधून बसणार!

या निरोपाआधीच एका वार्ताहर मैत्रिणीचा फोन येऊन गेला होता. तिची सविस्तर बातमी तक्त्यांसह तयार होती, तरीही तिने विचारले, "तिकडे लागली आहे, मी थांबू की सोडू?" अशा माणसाला काय तोंडाने "थांब" म्हणायचे?

फुटलेली बातमी झाकता येत नाही. पोर्टलने मजकूर काढला तरी स्क्रीनशॉट फिरतच राहतात. अशा वेळी एम्बार्गो सर्वांसाठी एकाच वेळी उठवायचा आणि प्रेस नोट संकेतस्थळावर टाकायची. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर माहिती आधी बाजाराला कळवायची. उद्याच्या कार्यक्रमाची हवा जाते, हे मान्य. पण ती पोर्टलने आधीच घालवली आहे.

एम्बार्गो म्हणजे काही वेदवाक्य नव्हे, हेही कबूल करते. मे १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीची बातमी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एडवर्ड केनेडी यांनी लष्कराची बंदी मोडून दिली, तेव्हा जर्मन रेडिओने ती आधीच जाहीर केलेली होती. तरीही त्यांची नोकरी गेली आणि संस्थेने माफी मागितली ती २०१२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. उघड झालेले गुपित जपण्याचा हट्ट तेव्हाही तितकाच निरर्थक होता.

नुसती मेलच्या माथ्यावर वेळ छापली म्हणून कोणी बांधला जात नाही, हेही खरे. या पोर्टलने मात्र आधी लेखी होकार दिला होता.

तासाभराच्या वादानंतर क्लायंटने ऐकले. मी पहिला फोन त्या मैत्रिणीला केला आणि लगोलग सर्वांना मेल पाठवला. तिने साधी तक्रारही केली नाही, त्यामुळे मलाच अधिक ओशाळल्यासारखे झाले.

पोर्टलच्या संपादकांशी उद्या बोलेन, तेही चारचौघांत नव्हे. वेळ लावताना गफलत झाली असेल तर विषय संपला. मुद्दाम फोडली असेल, तर आमची पुढची बातमी त्यांना सर्वांबरोबर, प्रसिद्ध झाल्यावरच मिळेल.