बहुमताने सहा

ठाण्याच्या नौपाड्यातील आमची इमारत पुनर्विकासाला जाणार असे ठरल्यावर वकिलांनी जुनी कागदपत्रे मागितली, आणि निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो या गैरसमजातून कार्यकारिणीने सोसायटीचे दप्तर कायमस्वरूपी डिजिटल करण्याचे काम एकमताने माझ्या गळ्यात घातले.

माळ्यावरून पत्र्याच्या दोन ट्रंका उतरल्या. १९८२ सालचे पहिल्या सभेचे इतिवृत्त कसरीने कडेने कुरतडले होते, तरी शाईने लिहिलेले त्यातले प्रत्येक अक्षर, पाण्याच्या टाकीवरून झालेल्या भांडणासकट, स्वच्छ वाचता येत होते. घोडे अडले ते २००३ सालापाशी, कारण त्या वर्षी आम्ही आधुनिक झालो होतो. ती इतिवृत्ते १.४४ एमबीच्या फ्लॉपीत होती. फ्लॉपी वाचणारे यंत्र चार दुकाने पालथी घातल्यावर मिळाले, फाईल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी अवतरली. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी वळणे बसवत असत. त्यामुळे तो फॉन्ट गेला की मराठीही जाते, ही युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत रुळण्याआधीच्या, मजकुराच्या नशिबी असलेली साडेसाती मला तेव्हा समजली. आमच्या तेव्हाच्या सचिवांचे अक्षरही असेच होते, पण ते निदान त्यांना स्वतःला वाचता येत असे.

भाच्याच्या सल्ल्याने मी सगळे कागद ३०० डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके) स्कॅन करून पीडीएफ-ए या दीर्घकाळ जपणुकीसाठीच्या प्रकारात ठेवले, कारण त्यात फॉन्ट फाईलच्या पोटातच राहतो. मग त्याने प्रती तीन, माध्यमे दोन आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा नियम सांगितला. तिसरी प्रत खजिनदारांच्या मुलीकडे ऐरोलीला ठेवावी असे मी सुचवताच सभा पेटली. ‘सोसायटीची गुपिते खाडीपलीकडे?’ असे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारले. १९८२ च्या टाकीच्या भांडणातही हेच काका होते, हे मला आता पुराव्यानिशी ठाऊक होते. मी गप्प बसलो.

फाईल पुढे कोणी बदलली तर कळावे म्हणून मी तिचा ‘चेकसम’ काढला. हा ६४ अंक-अक्षरांचा ठसा असतो आणि मजकुरातला स्वल्पविराम हलला तरी तो पार बदलतो. काकांचा संगणकावर विश्वास नसल्यामुळे तो ठसा इतिवृत्ताच्या वहीत हाताने लिहून घ्यावा, असा ठराव झाला. सचिवांनी मान खाली घालून लिहिले, मी पडताळले. सतरावे चिन्ह मला इंग्रजी ‘बी’ वाटत होते, काकांना सहाचा आकडा. मी लॅपटॉप उघडून दाखवू लागलो, तर अध्यक्ष म्हणाले, ‘राहू द्या हो, मतदान घेऊ.’

अकरा विरुद्ध चार मतांनी सहा ठरला.