आजा शहाण्णव जगला ना!

आपल्याला अजून किती वर्षं उरलीत हे काढायला गणित लागत नाही, आजा लागतो. तो विड्या ओढत 96 वर्षं जगला, तर तुमचीही 96 पक्की. तो बाजाराला डोंगर उतरून पायी जायचा आणि डोईवर ओझं घेऊन परत चढायचा, तेवढं विसरा. वारशात विडी तेवढी घ्या. त्याच्या भावंडांची चौकशीही नको. दोघं रांगायच्या आत गेली, एक पटकीत, एक बाळंतपणात. त्यांचे फोटो माजघरात नाहीत, म्हणजे ती हिशेबातही नाहीत.

सरकारी कोष्टकात मात्र ती असतात. देशाचं सरासरी आयुर्मान सत्तरीच्या आसपास भरतं ते आज जन्मलेल्या पोराचं, लहानपणी दगावणारे धरून. म्हणून साठी गाठलेल्याला 70 वजा 60 अशी दहाच नव्हे, सरासरी आणखी 18 च्या आसपास वर्षं मिळतात. पण ही सरासरी. तुम्ही आज्यालाच धरून बसा.

तंबाखूचं बघू. ब्रिटिश डॉक्टरांवर 1951 पासून 50 वर्षं चाललेल्या अभ्यासात जन्मभर सिगारेट ओढणारे सरासरी 10 वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांना जवळपास सगळी वर्षं परत मिळाली, चाळिशीत 9, पन्नाशीत 6, साठीत 3. हापूसचा दर मे सरता सरता पडतो, तेव्हाच पेटी घ्यायची असते; इथंही थांबा. मशेरी तर दात घासायची वस्तू, ती तंबाखूत कशाला मोजायची? आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी घरच्या वाडीतली. तंबाखूशिवाय नुसती सुपारीही कर्करोग करते म्हणे, पण ती बाहेरची असेल.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिने पेजेबरोबर सुका बांगडा खाल्लेला नाही. सुकं मासळं दोन पाण्यांत भिजवून धुतलं तर मीठ उतरतं, आणि चवही, धुऊ नका. कोकमाच्या आगळात मीठ आधीच भरपूर असतं, तरी सोलकढीत वरून घाला. पापड, लोणचं, खारातली मिरची ही जेवणात धरत नाहीत.

लावणीत पायाला चीर असेल तर खुशाल चिखलात उतरा. ताप येऊन पोटऱ्या ठणकल्या तर लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हणू नका, दमणूक म्हणा.

रक्तदाब मोजायचाच तर पाखाडी चढून आल्या आल्या, शर्टाच्या बाहीवरूनच, गप्पा मारत, एकदाच. पाच मिनिटं पाठ टेकून बसणं, उघड्या दंडाला हृदयाच्या उंचीवर पट्टा, मिनिटभराने पुन्हा मोजणं, हे रिकामटेकड्यांचं काम. 160 आला तर चढावाचा दोष. गोळी सुरू झालीच तर दोन महिने घ्या. दाब 140 च्या खाली उतरला की बरे झालात, बंद करा. गोळ्यांची उरलेली पट्टी शेजारच्या काकूंना द्या, त्यांनाही अधूनमधून चक्कर येते.