लिनक्सचा तो ‘रामबाण उपाय’ कृपा करून चालवू नका

‘लिनक्स वापरणाऱ्यांनो, वेळीच सावध व्हा’ असा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुप-ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडं दोनदा आला, दोन्ही वेळा सोडून दिला. पण उद्यमनगरातल्या आमच्या दाजींनी तो नुसता वाचला नाही, त्यातला ‘रामबाण उपाय’ वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर चालवला. मग मात्र लिहिणं भाग पडलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्स (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) फुकट, म्हणून बग (प्रोग्राममधली चूक) आला तर कुणी वाली नाही. बग कळवायचा तर प्रोग्रामर असावं लागतं, आणि कळवला तर आपली माहिती जगजाहीर होते. अपडेट धोक्याचं, ते बंदच ठेवा. पॅकेज (इन्स्टॉल करायचा प्रोग्रामचा गठ्ठा) अडकलं तर डीपीकेजीच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉक फायली उडवा. तरी नाही जमलं तर स्टेटस फाईल उडवून त्या जागी रिकामी फाईल तयार करा, ‘सगळं नव्यासारखं होतं’.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा कॉम्प्युटरची वाट लावणारा आहे.

दाजींकडं डेबियन आहे, लिनक्सचाच एक प्रकार. अपडेट चालू असताना लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली. पुन्हा चालू केल्यावर एपीटीनं (पॅकेजं आणून डीपीकेजीकडून बसवून घेणाऱ्या प्रोग्रामनं) सांगितलं की डीपीकेजीचं काम मध्येच तुटलंय, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. म्हणजे औषध एररमध्येच लिहिलेलं! अर्धवट राहिलेली पॅकेजं त्यानं मार्गी लागतात. एखादं पॅकेज दुसऱ्यापायी अडलं असेल तर ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ आहे. पण स्क्रीनवरचं वाचायच्या आधी आपला हात मोबाईलकडं जातो.

आता ते लॉक. फाईल तिथं पडलेली आहे म्हणजे कुलूप लागलंय, असं नसतं. ती फाईल कायमच असते. कुलूप धरलेलं असतं चालू असलेल्या प्रोग्रामनं, बहुतेक वेळा पाठीमागं आपोआप होणाऱ्या अपडेटनं. हल्लीचं एपीटी तर त्या प्रोसेसचा नंबर आणि नावसुद्धा सांगतं. थोडं थांबलं की काम होतं. फाईल उडवून कुलूप सुटत नाही. उलट दुसरा प्रोग्राम नवी फाईल करून आत शिरतो आणि दोघं एकाच वेळी एकाच नोंदवहीत खाडाखोड करायला लागतात.

आणि ती नोंदवही म्हणजेच स्टेटस फाईल. कुठलं पॅकेज आहे, कुठल्या आवृत्तीचं, पूर्ण बसलंय की अर्धवट, सगळं त्यात. ती रिकामी करणं म्हणजे सातबारा जाळून टाकण्यासारखं आहे: जमीन जागेवरच, पण ती तुमची आहे हे कुणालाच माहीत नाही. प्रोग्राम डिस्कवर असतात आणि एपीटीच्या हिशोबी कॉम्प्युटरवर एकही पॅकेज नसतं. शेजारी ‘स्टेटस-ओल्ड’ नावाची मागची प्रत असते आणि ‘व्हार-बॅकअप्स’ या फोल्डरमध्ये आणखी जुन्या, म्हणून दाजी वाचले. त्यांनी पुढं आणखी काही इन्स्टॉल करायला घेतलं असतं तर ती ओल्ड प्रतही पुसली गेली असती. यावर दाजींचं उत्तर: ‘आरं, खाली चार जणांनी थँक्यू लिवलंय की!’

बग कळवायला प्रोग्रामर लागतो? अजिबात नाही. डेबियनमध्ये ‘रिपोर्टबग’ नावाची सोय आहे. पॅकेजचं नाव द्या, म्हणजे त्या पॅकेजवर आधीच आलेल्या तक्रारींची यादी समोर येते. तुमचीच तक्रार त्यात सापडली तर नवी करायची गरज नाही. आवृत्ती, कर्नल (सिस्टीमचा गाभा), अवलंबून असलेली पॅकेजं ही माहिती ते स्वतः भरतं. तुम्ही लिहायचं एवढंच: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एरर मात्र जशीच्या तशी, आठवून नव्हे. ‘प्रिंटर चालत नाही, लवकर बघा’ याला रिपोर्ट म्हणत नाहीत. इंग्रजी लागतं हे खरं, पण मोडकंतोडकं चालतं. गांभीर्याच्या पायऱ्या सात आहेत, ‘क्रिटिकल’पासून ‘विशलिस्ट’पर्यंत. आपला प्रिंटर बंद पडला म्हणून क्रिटिकल निवडू नका. ती पायरी अख्खी सिस्टीम मोडणाऱ्या किंवा डेटा बुडवणाऱ्या बगसाठी असते. उबुंटू (डेबियनवरूनच केलेलं लिनक्स) असेल तर डेबियनकडं जाऊ नका, ‘उबुंटू-बग’ ही कमांड आहे, तक्रार लाँचपॅड या उबुंटूच्या साइटवर जाते.

‘वाली नाही’ म्हणणाऱ्यांनी डेबियनचा 1997 चा सामाजिक करार, म्हणजे डेबियन करणाऱ्यांनी दिलेलं लेखी वचन, उघडून बघावा. तिसरं कलमच अडचणी न लपवण्याचं आहे: बगचा सगळा साठा कायम सर्वांसाठी खुला राहील आणि लोकांनी केलेल्या तक्रारी लगेच इतरांना दिसतील. पैसे मोजून विकत घेतलेल्या किती सॉफ्टवेअरबद्दल असं लिहून मिळतं? बरं, फुकटच नको असेल तर कॅनॉनिकल (उबुंटूवाली) आणि रेड हॅट या कंपन्या पैसे घेऊन सपोर्ट देतात. हो, काही बग वर्षानुवर्षं पडून राहतात, ते नाकारत नाही. सांभाळणारे बरेच जण स्वयंसेवक आहेत. पण पडून राहिलेला बगसुद्धा नंबरासकट सगळ्यांना दिसतो.

अपडेटबद्दल मेसेजवाल्यानं 2024 च्या एक्सझेड (फायली दाबून लहान करणारा प्रोग्राम) प्रकरणाचा दाखला दिलाय. अर्धं खरं आहे. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता आणि त्या डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीपर्यंत, पोचल्याही. स्टेबलमध्ये (रोजच्या वापराच्या पक्क्या आवृत्तीत) मात्र आल्या नाहीत, आणि दाजींसारखे लोक स्टेबलच वापरतात. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा त्यानं माग काढला आणि सगळ्यांना कळवलं. दुरुस्ती कशातून आली? अपडेटमधूनच. एखादं पॅकेज तेवढं थांबवायचं असेल तर ‘एपीटी-मार्क होल्ड’ आहे, त्यासाठी सगळंच बंद करायचं कारण नाही.

राहिली माहिती जगजाहीर होण्याची गोष्ट. डेबियनच्या तक्रारीत तुमचा ईमेल पत्ता सगळ्यांना दिसतो, एवढं मान्य. म्हणून वेगळा पत्ता वापरा. रिपोर्टबग पाठवण्याआधी पूर्ण मजकूर दाखवतं, त्यात गिऱ्हाइकांची नावं किंवा पासवर्ड आले असतील तर तिथंच काढून टाका. एकदा गेलेला रिपोर्ट परत मागवता येत नाही.